क्लासला हात लावला नाही तरी सेशन मोडलं: जावा ८ वरून १७ वर जाताना सापडलेलं सिरियलायझेशनचं प्रकरण

हे प्रकरण एका वित्तसंस्थेच्या कर्ज-अर्जाच्या पोर्टलचं आहे. ॲप्लिकेशन तसं साधंच, स्प्रिंग बूट २.७ (जावाची वेब फ्रेमवर्क), पानं सर्व्हरवरच बनणारी, आणि अर्ज बऱ्याच टप्प्यांचा, म्हणजे आधी नाव-पत्ता, मग आधार-पॅन, मग उत्पन्न, मग जमिनीचे कागद आणि सातबारा अपलोड, शेवटी जामीनदार आणि सबमिट. शेवटचं बटण दाबेपर्यंत अर्धवट भरलेला अर्ज युजरच्या सेशनमध्ये (सर्व्हर त्या युजरची चालू माहिती ठेवतो त्या कप्प्यात) राहायचा, लोनॲप्लिकेशन नावाच्या एका ऑब्जेक्टमध्ये. सेशन ठेवलेलं रेडिसमध्ये (मेमरीत डेटा ठेवणारा वेगळा सर्व्हर), स्प्रिंग सेशन वापरून, कारण मागे दोन नोड (ॲप्लिकेशन चालवणारे सर्व्हर) होते आणि पुढे रिक्वेस्ट वाटून देणारा लोड बॅलन्सर, आणि बॅलन्सरवर स्टिकी सेशन, म्हणजे एका माणसाला कायम एकाच नोडकडे पाठवणं, मुद्दाम बंद होतं, एक नोड पडला तरी माणसाचा भरलेला अर्ज जाऊ नये म्हणून.

याचा अर्थ असा की प्रत्येक रिक्वेस्टला तो ऑब्जेक्ट रेडिसमधून बाइट्सच्या रूपात यायचा, त्याचं परत जावा ऑब्जेक्ट व्हायचं, काम झालं की बदललेला भाग परत बाइट्स होऊन रेडिसमध्ये जायचा. स्प्रिंग सेशन रेडिससाठी डिफॉल्टला जावाचं स्वतःचं सिरियलायझेशनच (ऑब्जेक्टचे बाइट्स करणं, उलट्या दिशेला डिसिरियलायझेशन) वापरतं, तेच जे जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) १.१ पासून भाषेत आहे. आपण काही वेगळं सांगितलं नाही तर हेच चालतं, आणि बऱ्याच टीमला ते चालू आहे हेच माहीत नसतं कारण कोडमध्ये कुठे दिसत नाही, दिसतं ते फक्त सेशनमध्ये सेट-ॲट्रिब्यूट केलेलं.

काय झालं

जावा ८ वरून १७ वर जायचं काम दोन पायऱ्यांत ठरलं होतं. पहिल्या पायरीत फक्त सर्व्हरवरचा जेडीके बदलला, जुनीच जार (कंपाइल केलेल्या कोडची फाइल) १७ वर चालवली, आणि ते अगदी बिनबोभाट पार पडलं. दुसऱ्या पायरीत पॉम फाइलमध्ये (बिल्डच्या सेटिंगची फाइल) कंपायलरचं टार्गेट, म्हणजे कोणत्या जावासाठी क्लास फाइल बनवायच्या ते, ८ चं १७ केलं, बाकी काही नाही. तेवढ्या एका ओळीचा रिलीज. पद्धतीप्रमाणे आधी एका नोडवर नवीन बिल्ड टाकलं, थोडा वेळ बघू आणि मग दुसरा नोड करू असं.

थोड्याच वेळात हेल्पडेस्कला फोन सुरू झाले. "साहेब, सातबारा अपलोड केला आणि पान पांढरंच झालं." "मॅडम, रिफ्रेश केलं की चालतंय, परत केलं की पडतंय." आणि सगळ्यात विचित्र म्हणजे ज्याचं पडलं त्याचं लॉगिनचं पान सुद्धा उघडेना, पाचशेची (सर्व्हर फसल्याची) एरर, आमचं बनवलेलं एरर पेज सुद्धा नाही, आतल्या टॉमकॅट वेब सर्व्हरचं कोरडं पान. त्याच माणसाने इनकॉग्निटो विंडो उघडली की सगळं छान. हेल्पडेस्कवाल्यांनी आपलं आपलं शोधून काढलं की कुकी काढून टाकायला सांगितली की माणूस आत येतो, पण अर्ज पहिल्यापासून भरावा लागतो, आणि ज्याने तलाठ्याकडून कागद आणून, स्कॅन करून, तासभर बसून अर्ज भरलाय त्याला परत पहिल्यापासून भरा म्हणणं म्हणजे काय ते ज्याने असा फोन घेतलाय त्यालाच कळेल.

ही लक्षणं नीट बघितली तर निम्मं निदान तिथेच आहे म्हणून जरा थांबून सांगतो. एकाआड एक रिफ्रेशला चालतं-पडतं याचा अर्थ दोन नोडपैकी एकालाच त्रास आहे. इनकॉग्निटोत चालतं म्हणजे त्रास त्या माणसाच्या जुन्या सेशनला आहे, ॲप्लिकेशनला नाही. आणि लॉगिनचं पान सुद्धा पडतं म्हणजे आपल्या कंट्रोलरपर्यंत रिक्वेस्ट पोचतच नाहीये, त्याच्याही आधी फिल्टरमध्येच मरतेय. स्प्रिंग सेशन एका सेशनचे सगळे ॲट्रिब्यूट (सेशनमध्ये ठेवलेल्या गोष्टी) रेडिसच्या एकाच हॅशमध्ये, म्हणजे नाव-किंमत जोड्यांच्या डब्यात, ठेवतं आणि वाचताना अख्खा हॅश एकदम आणून सगळ्याचं डिसिरियलायझेशन करतं, त्यामुळे दहा ॲट्रिब्यूटपैकी एक जरी उलगडला नाही तरी अख्खं सेशन वाचता येत नाही, लॉगिनची माहिती सुद्धा त्यातच असते. आणि युजरच्या ब्राउझरमध्ये ती कुकी आहे तोपर्यंत प्रत्येक रिक्वेस्ट त्याच दगडावर जाऊन आपटते.

काही लोकांचं अर्ध्या तासाने आपोआप बरं व्हायचं. त्याचंही कारण हेच, सेशन वाचलंच जात नाही म्हणून त्याची शेवटच्या वापराची वेळ पुढे सरकत नाही, डिफॉल्ट तीस मिनिटं संपली की रेडिस ते टाकून देतं, आणि मग नवीन सेशन मिळतं.

पहिले अंदाज

रोलबॅक (जुनं बिल्ड परत टाकणं) लगेच केला, त्यावर कोणाचं दुमत नव्हतं. एक चांगली गोष्ट अशी की ज्या सेशनचं वाचन नवीन नोडवर फसलं होतं त्यांचा डेटा जसाच्या तसा होता, कारण वाचताच आलं नाही म्हटल्यावर परत लिहिण्याचा प्रश्नच नाही. रोलबॅक झाल्यावर ते सगळे अर्ज जिथे होते तिथून पुढे चालू झाले. उलटे अडकले ते, ज्यांनी त्या मधल्या वेळात नवीन नोडवर अर्जाचा एखादा टप्पा सेव्ह केला होता, त्यांचे बाइट्स आता जुन्या कोडला उलगडेनात. त्यांचं काय केलं ते पुढे येईल.

मग अंदाज सुरू झाले. एकाचं म्हणणं रेडिसची मेमरी भरली असेल आणि अर्धवट की (रेडिसमधल्या नोंदी) उडाल्या असतील. ते लगेच बाद झालं, कारण नोंद उडाली तर सेशन सापडत नाही, माणूस लॉगआउट होतो, पाचशे येत नाही. दुसऱ्याचं म्हणणं जावा १७ आता आतल्या क्लासेसना रिफ्लेक्शनने हात लावू देत नाही, त्यातलं काहीतरी असणार. हे ऐकायला बरोबर वाटतं, पण त्याची एरर वेगळी असते, इनॲक्सेसिबल-ऑब्जेक्ट-एक्सेप्शन, आणि मुख्य म्हणजे पहिल्या पायरीत आपण जावा १७ वरच तर चालत होतो की, तेव्हा काही झालं नाही.

लॉगमध्ये सगळ्यात वर दिसत होतं ते स्प्रिंगचं सिरियलायझेशन-एक्सेप्शन, कॅनॉट डिसिरियलाइज. ते नुसतं पाकीट आहे, त्यावरून काही कळत नाही. अशा वेळी स्टॅक ट्रेसच्या सगळ्यात खालचं कॉज्ड-बाय बघायचं. तिथे होतं इनव्हॅलिड-क्लास-एक्सेप्शन, पुढे आमच्या लोनॲप्लिकेशन क्लासचं नाव, मग "लोकल क्लास इनकम्पॅटिबल", आणि मग दोन लांबच लांब आकडे, एक स्ट्रीममधला (साठवलेल्या बाइट्समधला) सिरियल-व्हर्जन-यूआयडी, म्हणजे क्लासची आवृत्ती ओळखायचा आकडा, आणि एक लोकल क्लासचा.

इथे एक सांगतो, इनव्हॅलिड-क्लास-एक्सेप्शन हे एकच नाव बऱ्याच रोगांना आहे. पुढे "नो व्हॅलिड कन्स्ट्रक्टर" लिहिलं असेल तर तुमच्या क्लासचा पॅरेंट सिरियलायझेबल नाही आणि त्याला बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टरही नाही. "फिल्टर स्टेटस रिजेक्टेड" असेल तर कोणीतरी जेव्हीएमवर (जावा कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) डिसिरियलायझेशनचा फिल्टर लावलाय, जो जावा ९ पासून आला आणि नंतर ८ मध्येही मागून आणला गेला, आणि त्या यादीत तुमचा क्लास बसत नाही. आणि "लोकल क्लास इनकम्पॅटिबल" असेल तरच आकड्यांची भानगड. नुसतं एक्सेप्शनचं नाव गुगल करून पहिलं उत्तर चिकटवलं तर या तिघांत गल्लत होते आणि दिवस जातो, म्हणून कोलननंतरचं वाक्य वाचायचंच.

न बदललेला क्लास बदलला कसा

आता खरा पेच. आकडे वेगळे म्हणजे क्लास बदलला. पण गिटमध्ये बघितलं तर लोनॲप्लिकेशनच्या फाइलला कितीतरी रिलीजमध्ये कोणी हात लावलेला नाही. डिफ रिकामा. एक अक्षर वेगळं नाही, आणि जावा म्हणतंय हा तो क्लासच नाही.

आमच्या त्या क्लासमध्ये सिरियल-व्हर्जन-यूआयडी लिहिलेला नव्हता. तो आपण लिहिला नाही तर जावा स्वतः काढतं, क्लासचं नाव, मॉडिफायर, इंटरफेस, फील्ड, कन्स्ट्रक्टर, मेथड या सगळ्याचा शा-१ हॅश (मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) करून त्यातले पहिले आठ बाइट्स. यात प्रायव्हेट मेथड आणि प्रायव्हेट कन्स्ट्रक्टर धरत नाहीत, बाकीचे धरतात. आणि हा हिशोब आपल्या सोर्स फाइलवरून होत नाही, कंपाइल झालेल्या क्लास फाइलवरून होतो. प्रकरणाची किल्ली ही आहे. जावाच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सिरियलायझेबलच्या पानावर स्पष्ट इशारा आहे की हा डिफॉल्ट आकडा कंपायलरप्रमाणे बदलू शकतो म्हणून स्वतः लिहा, पण ते पान कोण उघडतं, इंटरफेसमध्ये एकही मेथड नाही म्हटल्यावर वाचायला काही आहे असं वाटतच नाही.

जेडीकेबरोबर सिरियलव्हर नावाचं छोटं टूल येतं, क्लासपाथ आणि क्लासचं नाव दिलं की तो आकडा छापून देतं. जुन्या आणि नव्या जारमधले क्लासेस वेगवेगळ्या फोल्डरमध्ये काढले आणि एकाच मशीनवर, एकाच जेडीके १७ च्या सिरियलव्हरने दोन्ही बघितले. दोन आकडे, अगदी लॉगमधलेच दोन. म्हणजे रनटाइमचा संबंध नाही हे पक्कं झालं, फरक क्लास फाइलच्या आत आहे.

आता तो फरक डोळ्याने बघायचा होता. दोन्ही फोल्डरची फाइल-यादी शेजारी-शेजारी लावली तर पहिलंच काय दिसलं, जुन्या बिल्डमध्ये लोनॲप्लिकेशन$१ नावाची एक क्लास फाइल होती जी नव्या बिल्डमध्ये नाहीच. असं नाव एरवी ॲनॉनिमस (बिननावाच्या) क्लासला मिळतं, आणि आम्ही तर कुठे ॲनॉनिमस क्लास लिहिला नव्हता. मग जावापी (क्लास फाइलच्या आतलं दाखवणारं टूल) मायनस-पी लावून लोनॲप्लिकेशनचे सगळे मेंबर छापले. नव्या बिल्डमध्ये एक प्रायव्हेट कन्स्ट्रक्टर, जो आम्ही लिहिलेला, बिल्डर (ऑब्जेक्ट टप्प्याटप्प्याने बनवून देणारा क्लास) पॅरामीटर म्हणून घेणारा. जुन्या बिल्डमध्ये तो होताच, पण शिवाय अजून एक कन्स्ट्रक्टर, प्रायव्हेट नसलेला, दोन पॅरामीटरवाला, पहिला बिल्डर आणि दुसरा तो लोनॲप्लिकेशन$१. हा कोणी लिहिला? कोणीच नाही, कंपायलरने.

गोष्ट अशी आहे. आमच्या क्लासमध्ये हाताने लिहिलेला बिल्डर होता, स्टॅटिक नेस्टेड क्लास, आणि त्याची बिल्ड मेथड बाहेरच्या क्लासचा प्रायव्हेट कन्स्ट्रक्टर बोलावते. जावा भाषेत हे चालतं, आतला क्लास बाहेरच्याचं प्रायव्हेट वापरू शकतो. पण जेव्हीएमला पूर्वी हे मान्य नव्हतं, त्याच्या लेखी ते दोन स्वतंत्र क्लास, एकाचं प्रायव्हेट दुसऱ्याला बंद. म्हणून कंपायलर मधला मार्ग काढायचा, गुपचूप एक पॅकेज-लेव्हलचा कन्स्ट्रक्टर बनवायचा जो आतून खरा कन्स्ट्रक्टर बोलावतो, आणि आपल्या एखाद्या कन्स्ट्रक्टरशी त्याची टक्कर होऊ नये म्हणून त्याला एक रिकामा डमी क्लास जादाचा पॅरामीटर म्हणून जोडायचा. प्रायव्हेट फील्ड वाचायला असंच ॲक्सेस$००० सारख्या नावाच्या स्टॅटिक मेथड बनवायचा. २०१८ मध्ये जावा ११ आलं तेव्हा जेईपी १८१ (जावातल्या सुधारणेचा प्रस्ताव) ने नेस्टमेट ही सोय जेव्हीएममध्येच आणली, आता आतले-बाहेरचे क्लास एका घरातले धरले जातात, त्यामुळे टार्गेट ११ किंवा वर असेल तर हे चोरवाटेचे मेंबर बनतच नाहीत.

ते मेंबर प्रायव्हेट नव्हते म्हणून हॅशमध्ये धरले जात होते, आता ते नाहीत म्हणून हॅश वेगळा. बास. इतकंच. पहिल्या पायरीत जुनीच जार होती म्हणून मेंबर जागेवर होते आणि काही झालं नाही, दुसऱ्या पायरीत एक आकडा बदलून परत कंपाइल केलं आणि ते गेले. जेडीके १७ नेच कंपाइल केलं पण टार्गेट ८ ठेवलं तर जुनाच आकडा येतो, हे आम्ही करून बघितलं आणि तसंच आलं.

हे कळल्यावर अजून एक गोष्ट जागेवर बसली. सेशनमधल्या काही क्लासला त्रास झाला होता आणि काहींना अजिबात नाही, आणि त्यात काही सूत्र दिसत नव्हतं. सूत्र हे होतं की ज्यांच्यावर लोम्बॉकचं (नेहमीचा कोड आपोआप बनवणारी लायब्ररी) बिल्डर ॲनोटेशन होतं ते वाचले, कारण लोम्बॉक जो कन्स्ट्रक्टर बनवतं तो प्रायव्हेट नसतो, पॅकेज-लेव्हलचा असतो, चोरवाटेची गरजच नाही. हाताने, नीट, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे प्रायव्हेट कन्स्ट्रक्टर ठेवून लिहिलेले बिल्डर होते तेच मोडले.

एक्लिप्स वापरणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा की एक्लिप्सचा कंपायलर त्याचा स्वतःचा आहे, तो असे लपलेले मेंबर जावासीपेक्षा (जेडीकेच्या कंपायलरपेक्षा) वेगळे बनवू शकतो, म्हणजे तुमच्या मशीनवरचा आकडा आणि बिल्ड सर्व्हरवर मेव्हनने काढलेला आकडा एकाच सोर्सला वेगळा येऊ शकतो.

टेस्टिंगमध्ये का दिसलं नाही

दोन कारणं, आणि दोन्ही बऱ्याच टीमकडे असतील. डेव्हलपरच्या मशीनवर सेशन मेमरीत, तिथे ऑब्जेक्ट कधी बाइट्स होतच नाही, नुसता रेफरन्स फिरतो. आणि टेस्टिंगच्या सर्व्हरवर नोड एकच, शिवाय डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये रेडिस रिकामं करायची ओळ होती, स्वच्छ सुरुवात हवी म्हणून. जुन्या कोडने लिहिलेलं नव्या कोडने वाचायची वेळच तिथे कधी यायची नाही. प्रॉडक्शनमध्ये मात्र प्रत्येक रोलिंग डिप्लॉयला (एकेक नोड बदलत जाणं) नेमकं तेच घडतं, दोन्ही दिशांना. माझं ठाम मत आहे की टेस्टिंगच्या डिप्लॉयमध्ये सेशन स्टोअर पुसणं बंद करा, त्या एका ओळीने असे सगळे दोष झाकले जातात.

दुरुस्ती

दुरुस्ती म्हणजे क्लासमध्ये सिरियल-व्हर्जन-यूआयडी लिहायचा, हे तर सगळ्यांनाच माहीत. पण कोणता आकडा लिहायचा यावर चर्चा झाली आणि ती महत्त्वाची आहे. सवयीने लोक १एल (म्हणजे नुसता १) लिहितात. नवीन क्लास असेल तर १एल अगदी चालेल. पण इथे रेडिसमध्ये चालू सेशन पडलेली आहेत, जुन्या हॅशच्या आकड्याने लिहिलेली, आणि दुसरा नोड अजून जुन्या कोडवर त्याच आकड्याने लिहितोय, तिथे १एल टाकलं तर तोच गोंधळ परत, फक्त आकडे वेगळे. म्हणून सिरियलव्हरने जुन्या जारमधून काढलेला तो लांबलचक आकडाच नव्या सोर्समध्ये जसाच्या तसा लिहिला. मग नवा कोड म्हणतो माझा आकडा हाच, जुना कोड हिशोब करून म्हणतो माझाही हाच, दोघांचं जमतं, आणि डिप्लॉय चालू असताना कोणाला काही कळत सुद्धा नाही. फील्डमध्ये बदल नव्हताच त्यामुळे आकडा जुळला की काम झालं. पुढे एखादं फील्ड वाढवलं तरी आकडा तोच ठेवला तर जुन्या बाइट्समधून ते नल किंवा शून्य येतं, फक्त असलेल्या फील्डचा प्रकार बदलायचा नाही, म्हणजे इंटचं स्ट्रिंग केलं तर मात्र आकडा जुळूनही मोडेल.

पहिला क्लास दुरुस्त केला आणि लगेच पुढचा मोडला, आतला ॲप्लिकंट-डिटेल्स. हे अपेक्षितच होतं, कारण एका ऑब्जेक्टच्या पोटात जितके क्लास आहेत त्या प्रत्येकाचा आकडा बाइट्समध्ये वेगळा लिहिलेला असतो आणि वाचन पहिल्या न जुळणाऱ्या ठिकाणी थांबतं. एक दुरुस्त करा, डिप्लॉय करा, पुढचा बघा, असं करत बसण्यापेक्षा रेडिसमधले बाइट्सच उघडून सगळी यादी एकदम काढली. ते वाटतं तितकं अवघड नाही. स्ट्रीम नेहमी एसी ईडी ०० ०५ ने सुरू होतो, रेडिसच्या कमांड लाइनवर व्हॅल्यू बघितली की ही अक्षरं ओळखू येतात. पुढे ७३ ७२, म्हणजे नवीन ऑब्जेक्ट आणि त्याच्या क्लासचं वर्णन. मग दोन बाइट्स नावाच्या लांबीचे, मग पॅकेजसकट क्लासचं नाव अगदी वाचता येईल असं, आणि त्याच्या लगेच पुढचे आठ बाइट्स म्हणजे तो सिरियल-व्हर्जन-यूआयडी. प्रत्येक नव्या क्लासला हेच परत. एक लहान स्क्रिप्ट लिहून पूर्ण भरलेल्या एका अर्जातून सगळी नावं आणि आकडे काढले, शेजारी नव्या जारचे सिरियलव्हरचे आकडे लावले, आणि न जुळणारे सगळे क्लास एका बैठकीत मिळाले.

तीच स्क्रिप्ट वर राहिलेल्या लोकांच्या कामी आली, ज्यांनी नवीन नोडवर टप्पा सेव्ह केला होता. रेडिसवर स्कॅन चालवून (कीज कमांड प्रॉडक्शनवर चालवू नका, ती संपेपर्यंत बाकी सगळे थांबतात) ज्या सेशनमध्ये नव्या आकड्याचे आठ बाइट्स होते ती वेगळी काढली. फील्ड तीच होती, फक्त आकडा वेगळा, त्यामुळे ते आठ बाइट्स बदलून टाकता आले असते, पण चालू प्रॉडक्शनमध्ये लोकांच्या कर्जाच्या अर्जावर असं हाताने ऑपरेशन करायला आमचा लीड तयार झाला नाही आणि ते बरोबरच होतं. त्याऐवजी नव्या बिल्डच्या क्लासेसने ते वेगळ्या मशीनवर वाचून त्यातली माहिती हेल्पडेस्कला दिली, त्यांनी त्या माणसांना फोन करून अर्ज परत भरून दिले.

पुढचं

कंपायलरला एक्सलिंट-सिरियल चालू केलं, त्यामुळे सिरियलायझेबल क्लासमध्ये आकडा लिहिलेला नसेल तर वॉर्निंग येते, आणि आमच्याकडे आता वॉर्निंगला बिल्ड पडतं. त्याच्या जोडीला एक टेस्ट टाकली जी मला जास्त मोलाची वाटते. प्रत्येक रिलीजला पूर्ण भरलेल्या अर्जाचे बाइट्स एका फाइलमध्ये साठवून रिपॉझिटरीत ठेवायचे, आणि पुढच्या बिल्डने ती मागची फाइल वाचून दाखवायची, नुसती वाचून नाही तर फील्डच्या किमती सुद्धा तपासायच्या. या टेस्टने लगेच एक वेगळंच पकडलं. एका क्लासमध्ये ट्रान्झियंट (बाइट्समध्ये न जाणारी) लिस्ट होती, डिक्लेअर करतानाच न्यू ॲरेलिस्ट दिलेली, आणि कोडने गृहीत धरलं होतं की ती कधी नल नसेल. पण डिसिरियलायझेशनमध्ये सिरियलायझेबल क्लासचा कन्स्ट्रक्टर चालतच नाही, फील्डची सुरुवातीची किंमतही लागत नाही, ट्रान्झियंट आहे म्हणजे नल. लॉगमध्ये अधूनमधून एक नल-पॉइंटर दिसायचा ज्याचं कारण कोणाला सापडत नव्हतं, ते हे.

रेडिसच्या सिरियलायझरला एक वेष्टण घातलं. स्प्रिंग सेशनमध्ये स्प्रिंग-सेशन-डिफॉल्ट-रेडिस-सिरियलायझर या नावाचा बीन (स्प्रिंग सांभाळतं ते ऑब्जेक्ट) दिला की तो वापरला जातो, त्यात आतून जावाचाच सिरियलायझर ठेवला, फक्त उलगडताना एक्सेप्शन आलं तर नल परत करायचा आणि मोठ्या आवाजात लॉग करायचं. नल आला की तो एक ॲट्रिब्यूट गळतो पण सेशन जगतं, माणूस लॉगिन राहतो, पांढऱ्या पानावर अडकत नाही. यावर टीममध्ये एकमत नव्हतं. एक बाजू अशी की अर्ज मुकाट्याने नाहीसा होणं हे पाचशेपेक्षा वाईट. ते मला पटतं, म्हणून अर्जाचा ॲट्रिब्यूट गळला तर तसं पानावर सांगायचं ठरलं, गपचूप रिकामा फॉर्म दाखवायचा नाही.

सेशनसाठी जावाचं सिरियलायझेशन सोडून जेसनवर (साध्या मजकुराचा फॉरमॅट) जाऊ अशीही सूचना आली. जेसनमध्ये आकड्यांचा त्रास नाही, बाइट्स माणसाला वाचता येतात, आणि सुरक्षेच्या दृष्टीनेही बरं, कारण जावाच्या डिसिरियलायझेशनमधून काय काय करता येतं ते २०१५ मध्ये कॉमन्स कलेक्शन्स या जावा लायब्ररीच्या प्रकरणात सगळ्यांनी पाहिलंय, रेडिसमध्ये जो लिहू शकतो तो मग आपल्या जेव्हीएममध्ये कोड चालवू शकतो. पण जेसनला प्रत्येक ऑब्जेक्टचा क्लास सोबत लिहावा लागतो, क्लासचं पॅकेज बदललं की तिथेही मोडतं, आणि स्प्रिंग सिक्युरिटीच्या (लॉगिन सांभाळणारा भाग) ऑब्जेक्टसाठी त्यांची जॅक्सनची (जावाची जेसन लायब्ररी) वेगळी मॉड्यूल लावावी लागतात. मला स्वतःला वाटतं की फॉरमॅट कोणता हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. तासभर खपून भरलेला कर्जाचा अर्ज तीस मिनिटांनी मरणाऱ्या सेशनमध्ये का ठेवायचा हा पहिला. सेशनमध्ये आयडी ठेवावी, एखादी स्ट्रिंग ठेवावी, एवढंच.

तेच केलं. अर्जाचा कच्चा मसुदा आता डेटाबेसच्या एका टेबलमध्ये जातो, प्रत्येक टप्प्याला सेव्ह होतो, आणि सेशनमध्ये राहतो फक्त अर्जाचा नंबर. युजरला तो नंबर एसएमएसने जातो, त्यामुळे सातबारा आणायला उठला आणि दोन दिवसांनी आला तरी तिथूनच पुढे. लोनॲप्लिकेशनवरचं सिरियलायझेबल नंतर काढून टाकलं.

राहिलं ते स्प्रिंग सिक्युरिटीचं लॉगिनचं ऑब्जेक्ट, ते सेशनमध्ये असणारच आणि ते आपलं नाही. आम्ही ज्या ५.७ वर आहोत तिथे त्यांचे क्लास एक समाईक आकडा वापरतात जो व्हर्जनबरोबर बदलतो, म्हणजे मायनर व्हर्जन वाढवलं की जुनी लॉगिन सेशन उलगडत नाहीत, हे त्यांनी ठरवूनच ठेवलेलं. ६.३ पासून त्यांनी जुन्या व्हर्जनचे बाइट्स वाचता येतील अशी सोय केलीय. तिथपर्यंत पोचायला स्प्रिंग बूट ३ वर जावं लागेल आणि त्या उडीत ही सेशन एकदा तुटणारच, तेव्हा ते रोलिंग डिप्लॉयने करायचं नाही, रात्री दोन्ही नोड एकदम बंद करून सेशन पुसून करायचं, आणि आधी दोन दिवस पोर्टलवर सूचना लावायची असं ठरवून रिलीजच्या चेकलिस्टमध्ये लिहून ठेवलंय.